अब्देराजवळचं गाव

कुंभारवाड्याच्या वेशीबाहेर, थडग्यांच्या रस्त्याला लागून केफिसोनचं दगडकामाचं दुकान होतं. त्या दुकानात अडतीस वर्षं एक माणूस मेलेल्यांची नावं कोरत होता. त्याचं स्वतःचं नाव पार्मिस्कोस, पण ते विचारायच्या भानगडीत फारसं कुणी पडलं नव्हतं. सगळं अथेन्स त्याला अब्देरकर म्हणायचं.

आता अब्देरकर म्हणणं म्हणजे नुसतं गाव सांगणं नव्हे. अब्देरकर म्हणजे बिनडोक. जिना उतरताना पायऱ्या मोजतो, चढताना पुन्हा मोजतो, आणि आकडा जमला नाही की शेजाऱ्यावर चोरीचा आळ घेतो, तो अब्देरकर. असं का म्हणतात ते विचाराल तर कुणी म्हणतं तिथली हवाच जड आहे, कुणी म्हणतं पाण्यात काहीतरी आहे. स्वतः अब्देराला जाऊन खात्री करून आलेला माणूस मात्र बाजारचौकात शोधूनही सापडायचा नाही.

पार्मिस्कोसच्या हातून छिन्नी पडली की लोक म्हणायचे, "अब्देरकरच तो!" त्याने चार शब्द शहाणपणाचे बोलावेत तरी पंचाईत. "बघा बघा, अब्देरकरालासुद्धा कळलं!"

या सगळ्यात एकच गोष्ट खोटी होती. पार्मिस्कोस अब्देराचा नव्हता.

तो दिकायाचा. थ्रेसच्या किनाऱ्यावर, अब्देराच्या शेजारी, तीनशे चुलींचं गाव. चूक त्याच्याच तोंडून झाली होती. विशीत तो जहाजातून उतरला, जामीन राहायला केफिसोनच्या बापाला घेऊन परक्यांच्या यादीत नाव घालायला गेला. कारकुनाने विचारलं, "गाव?"

"दिकाया."

"ते कुठं आलं?"

"अब्देराजवळ."

कारकुनाने 'अब्देरा' लिहिलं. 'जवळ' लिहायला त्याच्या पाटीवर जागा नव्हती, किंवा असेल, पण कंटाळा आला होता. पार्मिस्कोस म्हणाला, "अहो, अब्देरा नव्हे." कारकून म्हणाला, "अब्देरकर असंच म्हणणार." रांगेतले लोक हसले, आणि नाव चिकटलं ते चिकटलं.

दुसरा कुणी असता तर त्याने सोडून दिलं असतं. पण दिकायाच्या माणसाला अब्देरकर म्हणणं म्हणजे काय, ते दिकायाच्याच माणसाला विचारावं. दोन्ही गावांचं एका झऱ्यावरून आणि एका हरवलेल्या गाढवावरून आजोबा-पणजोबांपासून वाकडं होतं. अब्देरा मोठं, श्रीमंत. दिकायाकडे होतं काय? मासे, वारा, आणि अब्देराला हसणं. अब्देरकरांचे विनोद अथेन्समध्ये आता आता पोचले. दिकायात ते लहान मुलाला दुधाबरोबर मिळायचे. पार्मिस्कोस ते ऐकत मोठा झाला होता आणि आता तेच विनोद, बरेचसे बिघडवून, त्यालाच ऐकवले जात होते.

दिकायात विनोद एकट्याने सांगायची रीत नव्हती. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. सकाळी विहिरीवर कुणी भेटलं की राम राम वगैरे काही नाही. थेट विचारायचं, "पाऊस आला की अब्देरकर घरावरचं छप्पर का काढतो?" समोरच्याने म्हणायचं, "छप्पर भिजू नये म्हणून." मग दोघं आपापले घडे भरायला मोकळे. त्यावर कुणी हसत नसे. शेकडो वेळा ऐकलेल्या गोष्टीवर काय हसायचं? पण उत्तर आलं नाही, तर समजायचं की माणूस आपल्यातला नाही.

पार्मिस्कोसला अडतीस वर्षांत ते उत्तर कुणी दिलं नव्हतं. सुरुवातीला त्याने अथेन्समधल्या दोघाचौघांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, "तूच सांग, तू अब्देराचा." त्यानंतर त्याने विचारणं सोडलं.

कामात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. अक्षराखाली अक्षर असं बसवायचा की ओळंबा लावून बघावं. परक्याच्या दगडावर तिथे तीन गोष्टी लागतात: नाव, बापाचं नाव, गाव. त्याने मिलेटसकर कोरले, मेगाराकर कोरले, पार सिनोपीपासून आलेले लोक कोरले. प्रत्येकाला आपापलं गाव मिळालं. दहा वर्षांपूर्वी त्याची बायको सिमिखे गेली, तेव्हा तिचाही दगड त्यानेच कोरला. यादीत होतं तेच लिहायला लागलं: 'पार्मिस्कोस अब्देरकराची बायको'. तो एक शब्द कोरताना त्याने जेवढ्या छिन्न्या मोडल्या तेवढ्या आयुष्यात मोडल्या नव्हत्या. सिमिखे जिवंत असती तर म्हणाली असती, "जाऊ द्या हो, मला कुठे वाचता येतंय." पण त्याला येत होतं.

साठीनंतर त्याचा हात थरथरायला लागला. आधी सकाळीच, मग दिवसभर. केफिसोन, म्हणजे जुन्या मालकाचा मुलगा, याला पार्मिस्कोसने रांगताना पाहिलं होतं. केफिसोन त्याला अब्देरकरकाका म्हणायचा. एक दिवस त्याने मागच्या अंगणातला पांढरा दगड दाखवला. चांगला, उंच, फक्त एका कोपऱ्याला टवका उडालेला.

"काका, हा तुमचा. हात आहे तोवर स्वतःच कोरून ठेवा. नंतर दुसऱ्या कुणी कोरलेला तुम्हाला आवडायचा नाही."

पार्मिस्कोसचे डोळे भरून आले. मग तो म्हणाला, "दिकायकर लिहीन."

"ते नको."

"का?"

"अहो, येणारे-जाणारे वाचणार. म्हणणार, केफिसोनच्या दुकानात नसलेली गावं कोरून मिळतात. यादीत अब्देरकर, लोकांच्या तोंडी अब्देरकर, बायकोच्या दगडावर अब्देरकर, आणि तुमच्या दगडावर भलतंच? लोक म्हणतील, मरेपर्यंत याला स्वतःचं गाव कळलं नाही. पक्का अब्देरकर!"

"गाव आहे, मालक." रागावला की तो त्याला मालक म्हणायचा.

"असेल हो. मी कुठे नाही म्हणतो? एक माणूस आणा. कुणीही एक, जो माझ्यासमोर उभा राहून म्हणेल की मी दिकायाचा. मग खुशाल कोरा."

एक माणूस. एवढंच. पार्मिस्कोसला वाटलं, एवढं मोठं शहर, जगभरची जहाजं पिरेयसला लागतात, एक दिकायकर मिळणार नाही?

दोन वर्षं मिळाला नाही. उत्तरेकडून जहाज आलं की तो काठी टेकत बंदरावर जायचा. खलाशी म्हणायचे, "दिकाया? नाही बुवा. अब्देराचे आहेत दोघं, चालतील?" शेवटी त्याला आठवलं की गडावर एक जुनी शिळा आहे, पूर्वी कुठल्या गावाने अथेन्सला किती खंडणी भरली त्याची. त्याने केफिसोनला भर उन्हात वर नेलं. शिळा दोन पुरुष उंच. मान मोडेपर्यंत बघून केफिसोनला ओळ सापडली. सुरुवातीची अक्षरं झिजली होती. उरलं होतं ते स्पष्ट वाचता येत होतं: 'अब्देराजवळचे'.

"बघा," केफिसोन मान चोळत म्हणाला, "इथंसुद्धा तेच."

जो तो त्याला एकच सल्ला द्यायचा. "अहो, त्या दुसऱ्या अब्देरकराला विचारा ना! तुमच्याच बाजूचा तो."

हा दुसरा अब्देरकर म्हणजे स्किम्नोस, खारवलेले मासे विकणारा. वेशीच्या आत, कारंज्याजवळ त्याचं दुकान. सोळा वर्षांपूर्वी तो अथेन्सला आला तेव्हा लोकांनी मोठ्या हौसेने दोघांना समोरासमोर उभं केलं होतं. "घ्या, तुमचा गाववाला!" पार्मिस्कोसने त्याच्याकडे पाहिलं. बोलण्याचा हेल उत्तरेकडचा, नाक अब्देरकरांसारखं वर. त्यानेही पार्मिस्कोसकडे असं पाहिलं की जणू माशाला वास आलाय. हा म्हणाला, "हं." तो म्हणाला, "हं." झाली ओळख. त्यानंतर पार्मिस्कोसने सोळा वर्षं खारा मासा दुसऱ्या वेशीवरून आणला. जाऊन येऊन पाऊण सकाळ जायची. पण अब्देरकराच्या हातचा मासा? मेलो तरी नाही!

तो खरा अब्देरकर आहे, याचा पुरावाही त्याच्याकडे होता. एकदा भर बाजारात पाऊस आला. बाकीचे दुकानदार कनाती ताणत होते, आणि या स्किम्नोसने काय करावं? दुकानावरची कनात सोडली, घडी घातली, अंगरख्यात कोंबली आणि मासे उघड्यावर भिजत ठेवून स्वतःही भिजत उभा राहिला. पार्मिस्कोस समोरच्या ओसरीत होता. त्याने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. छप्पर भिजू नये म्हणून! दिकायात जे नुसतं बोलत होते, ते त्याला अथेन्सच्या चौकात बघायला मिळालं. ही हकीकत त्याने दुकानात अकरा वर्षं सांगितली. केफिसोनला ती पाठ होती.

तर असा हा स्किम्नोस त्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन गेला. पार्मिस्कोसच्या कानावर आलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "एक कमी झाला."

नऊ दिवसांचं उरकल्यावर त्याची बायको दुकानात आली. मिका तिचं नाव. ठेंगणी, मेगाराची, केस दुःखाने कापलेले, पण आवाज बाजारातलाच.

"दगड पाहिजे. साधा. लिहून घ्या."

केफिसोनने पार्मिस्कोसकडे पाहिलं. पार्मिस्कोसने तोंड वाकडं करून कोळसा आणि फळी घेतली.

"स्किम्नोस," ती म्हणाली. "मोल्पागोरासचा मुलगा. गाव दिकाया."

कोळसा थांबला.

"काय म्हणालात?"

"दिकाया. हे बघा, तुम्ही अब्देरकर, तुम्हाला राग येणार, मला ठाऊक आहे. पण त्याने मरताना माझ्याकडून शब्द घेतलाय. दगडावर अब्देरकर लिहिलंस तर उठून बसेन म्हणाला. आणि तो बसेल हो, तुम्हाला माहीत नाही तो माणूस."

"मी अब्देरकर आहे, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आता बाई! कुणी म्हणजे? सगळं गाव सांगतं. तो तर रोज सांगायचा. 'तो वेशीबाहेरचा म्हातारा, तो खरा अब्देरकर. त्याच्या हातचा दगड माझ्या डोक्यावर नको,' म्हणायचा. मीच आणलं, कारण तुमची अक्षरं सरळ येतात."

पार्मिस्कोस खाली बसला. खाली म्हणजे बाकावर नव्हे, दगडाच्या चुऱ्यात.

"पण लोक त्याला..."

"लोकांचं काय! कारकुनाने विचारलं कुठलं, हा म्हणाला अब्देराजवळ. झालं. त्याच्या अकलेबद्दल मी काय बोलणार?"

केफिसोन खोकला. पार्मिस्कोसच्या मनात अजून एक काटा होता. दोन वर्षं बंदरावर त्याला नको ती माणसं भेटली होती. आता विश्वास टाकायला जीव धजत नव्हता. तो म्हणाला, "पावसात त्याने कनात काढून ठेवली होती. मी पाहिलं."

"पाहिलंत ना? त्यानेही तुम्हाला पाहिलं! घरी येऊन इतका हसला, इतका हसला की मला वाटलं याला झटका आला. अहो, ती कनात कसली, आमची घोंगडी होती ती! लोकरीची. रात्री पांघरायला तेवढी एकच. भिजली असती तर दोघं गारठून मेलो असतो. तर हा म्हणतो, 'आज मी अब्देरकरासारखं वागलो, आणि समोर उभा राहून बघत कोण होता, तर साक्षात अब्देरकर!'"

पार्मिस्कोसने फळी बाजूला ठेवली. कित्येक वर्षांत न विचारलेली गोष्ट विचारायला आवाज कुठून आणायचा, ते त्याला कळेना.

"बाई," तो म्हणाला, "पाऊस आला की अब्देरकर घरावरचं छप्पर का काढतो?"

"छप्पर भिजू नये म्हणून," मिका म्हणाली. नाव-गाव सांगावं तसं सरळ. मग थबकली. "तुम्हाला हो कसं माहीत हे? रोज सकाळी डोळे उघडले की तो हे विचारायचा. उत्तर दिल्याशिवाय अंथरुणातून उठायचा नाही. लग्न झालं तेव्हा त्यानेच पढवलं. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते मला तेव्हाही कळलं नाही, आताही नाही. पण द्यायचं आपलं उत्तर. नवऱ्याच्या लहरी असतात."

पार्मिस्कोस रडायला लागला. मोठ्याने, लहान पोरासारखा. मिकाला वाटलं आपण काही वावगं बोललो.

"सोळा वर्षं," तो म्हणाला. "वेशीच्या आत. कारंज्याजवळ. आणि मी मासा आणायला तिकडे पार दुसऱ्या वेशीला जायचो! अहो, मी दिकायाचा. मी पार्मिस्कोस, दिकायाचा!"

मिकाने त्याच्याकडे पाहिलं, मग केफिसोनकडे. केफिसोनने मान डोलावली. मग ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही दोघं खरंच अब्देराला शोभला असतात."

केफिसोन म्हणाला, "माणूस आणा म्हणालो होतो. आला म्हणायचा." त्याला स्वतःलाच ते बोलून कसंतरी झालं, आणि तो मागच्या अंगणात निघून गेला.

पार्मिस्कोसने मिकाला साधा दगड दिला नाही. टवका उडालेला तो उंच पांढरा दगड त्याने पुढे ओढून आणवला. वर स्किम्नोसचं नाव घातलं, त्याच्या बापाचं घातलं, आणि मग दिकायाचं पहिलं अक्षर कोरायला घेतलं. ग्रीकांचं 'द', तिकोनी, तीन रेघांचं. हजारो वेळा त्याने ते अक्षर दुसऱ्यांच्या नावात कोरलं होतं. या खेपेला एक रेघ वाकडी आली. केफिसोनला दिसली, त्याने दुसरीकडे पाहिलं. त्याच्याखाली चार बोटं जागा सोडून पार्मिस्कोसने आणखी एक नाव घातलं.

"हे कुणाचं?" मिकाने विचारलं.

"माझं. लिहून ठेवलेलं बरं. पुढे हात राहील न राहील. तुमची हरकत नसेल तर. दगडावर जागा पुष्कळ आहे, वहिनी."

मिकाने दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तो म्हणेल, जिवंतपणी ओळख दाखवली नाही आणि आता माझ्याच दगडावर."

"म्हणू दे. मीही म्हणेन."

दगड तिसाव्या दिवशी उभा राहिला. रस्त्याने जाणारे थांबून मोठ्याने वाचायचे, तशी तिथली पद्धतच आहे. 'स्किम्नोस, मोल्पागोरासचा, दिकायकर. पार्मिस्कोस, हेरोफोनचा, दिकायकर.' मग दुकानात डोकावून विचारायचे, "हे दिकाया कुठं आलं हो?"

केफिसोन हातातलं काम न थांबवता सांगायचा, "अब्देराजवळ."

पार्मिस्कोस आता मासा मिकाकडूनच घ्यायचा. सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जायचा, विचारायचा, ती मासा गुंडाळता गुंडाळता उत्तर द्यायची. लोक त्याला अजून अब्देरकरच म्हणायचे. पूर्वी तळपायाची आग मस्तकात जायची. आता तो ओ द्यायचा.

पुढच्या शरदात, मेलेल्यांच्या सणाला, दोघं दगडापाशी गेले. मिकाने नवी लोकरी शाल घेतली होती, वर्षभराच्या मासळीतून. पार्मिस्कोसने दगडाला तेल चोळलं, तिने फीत बांधली, दूध-मध ओतला. मग पार्मिस्कोसने दगडाकडे तोंड करून, विहिरीवर विचारावं तसं विचारलं, "काय हो, पाऊस आला की अब्देरकर घरावरचं छप्पर का काढतो?"

मिका उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच त्याने हाताने थांबवलं. पाळी तिची नव्हती.

उत्तर आलं नाही. पाऊस मात्र आला. बारीक, गार. मिकाने घाईघाईने डोक्यावरची शाल काढली, नीट घडी घातली आणि काखेत दाबून धरली. केसांवरून पाणी ओघळायला लागलं. पार्मिस्कोस तिच्याकडे बघत राहिला.

"काय बघताय?" ती म्हणाली. "नवी आहे. भिजेल ना—"

आणि ती थांबली. शालीकडे पाहिलं. ओल्या केसांना हात लावून पाहिला. मग तिला हसू फुटलं, इतक्या वर्षांचं थकलेलं, ते आवरेना. थडग्यांच्या रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. ती दगडाला एका हाताने धरून, वाकून हसत होती. "अगं बाई! छप्पर भिजू नये म्हणून! मेल्या, हे होय! हे होय रे ते!"

रडते की हसते, हे लांबून कळत नव्हतं. पार्मिस्कोसने तिच्या काखेतली शाल काढून घेतली, झटकली, आणि तिच्या डोक्यावर घातली.

"चला वहिनी," तो म्हणाला. "मासे उघड्यावर असतील."